बारावीच्या वर्गात प्रॉडक्ट डिझाइन : चर्चा कुठवर आली?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहणारी एक मुलगी दहावी झाली आहे. चित्रकलेत हात बरा आहे, घरातला मिक्सर बिघडला की आधी खोलून बघायची खोड आहे, आणि पुढे वस्तूंची रचना करायला शिकायचे आहे, असे धरून चालू. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात तिच्यापुढे कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखा येतात. जोडीला व्यवसाय अभ्यासक्रमाचा पर्याय असतो. प्रॉडक्ट डिझाइन नावाचा विषय राज्य मंडळाच्या यादीत कुठेच सापडत नाही. मात्र दोनच वर्षांनी हीच मुलगी बी.डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला बसेल, तेव्हा वस्तूंचे निरीक्षण, त्रिमितीची समज, रेखाटन आणि अडचणीवर तोडगा सुचवण्याची तयारी या सगळ्याची तिच्याकडून अपेक्षा असेल. ही दोन वर्षे नेमकी कशाने भरावीत, यावर गेली काही वर्षे शिक्षणक्षेत्रात आणि डिझाइनच्या वर्तुळात चर्चा चालू आहे. ती आज कुठे आली आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात वस्तूची रचना शिकवण्याचा विचार जुना आहे. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. विद्यार्थ्यांना चित्रकार करायचे की कारागीर, हा वाद तिथे सुरुवातीपासून होता. १८९१ मध्ये शाळेला रे आर्ट वर्कशॉप्सची जोड मिळाली आणि धातुकाम, लाकूडकाम, विणकाम अशा हस्तकलांना जागा झाली. याच शाळेत लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला आले होते. रंग ओळखण्यात अडचण येते म्हटल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. पुढचा लोखंडी नांगराचा आणि किर्लोस्करवाडीचा इतिहास सर्वांना माहीत आहे. कागदावरची रेघ आणि कारखान्यातली वस्तू यांचा संबंध आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच जुळला होता, पण शाळेच्या वेळापत्रकात तो कधी उतरला नाही.

दुसरी परंपरा वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम, ही त्यामागची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) तिला कार्यानुभवाचे रूप दिले आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचे. शाळांतून मात्र या विषयाची अवस्था पुष्कळांना आठवत असेल. आठवड्यातून एक-दोन तास, कागदी फुले, खडू किंवा मेणबत्त्या, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला.

तिसरा धागा व्यावसायिक डिझाइन शिक्षणाचा. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पवईला आयआयटी मुंबईत १९६९ साली औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजे आयडीसी, सुरू झाले. सुधाकर नाडकर्णी हे त्याच्या पायाभरणीतले नाव, जे. जे. मध्ये शिकून ते जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेले होते. आयडीसीचे शिक्षण बराच काळ पदवीनंतरचेच होते. तिथे बारावीनंतर थेट चार वर्षांचे बी.डिझाइन सुरू झाले ते २०१५ मध्ये, आणि त्याच वर्षी यूसीड ही प्रवेश परीक्षाही आली. बारावीला डिझाइनची तयारी करायची का, हा प्रश्न मुंबई परिसरातल्या सामान्य घरात शिरला तो त्यानंतर. त्याआधी ही चिंता प्रामुख्याने एनआयडीच्या वाटेला लागलेल्या थोड्या मुलांपुरती होती.

आज बारावीत काय मिळते

राज्य मंडळाकडे या विषयाच्या आसपासचे बरेच काही आहे, पण ते विखुरलेले आहे. कला शाखेत चित्रकलेचे काही विषय घेता येतात. विज्ञानाच्या मुलांना द्विलक्षी अभ्यासक्रम असतो. इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिक देखभाल, विद्युत देखभाल, संगणकशास्त्र असे २०० गुणांचे हे विषय दुसऱ्या भाषेऐवजी आणि एका ऐच्छिक विषयाऐवजी घेतले जातात. गुण चांगले पडतात म्हणून द्विलक्षीला मागणी असते. त्यात दुरुस्ती आणि देखभाल शिकवतात. नवी वस्तू मुळापासून आखणे त्यात नसते. पूर्वी एमसीव्हीसी म्हणून ओळखला जाणारा आणि आता कौशल्य आराखड्याला जोडलेला उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रमही आहे. त्याचा रोख थेट रोजगारावर आहे.

दहावीपर्यंतची एक खास मराठी सोय म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. राज्यभरातली मुले त्यांना बसतात आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे स्वरूप असते. वस्तुचित्रातून छायाप्रकाश कळतो आणि घनभूमितीतून आकाराची शिस्त लागते; डिझाइनच्या विद्यार्थ्याला दोन्ही पुढे उपयोगी पडतात. संकल्पचित्र मात्र चौकोन किंवा वर्तुळ आलंकारिक आकारांनी भरण्यापाशी थांबते. ती वस्तू कोण वापरणार, कशाची बनणार, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही.

इतर मंडळांत चित्र थोडे वेगळे आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कौशल्य विषयांत डिझाइन थिंकिंग अँड इनोव्हेशन हा विषय आहे आणि अभियांत्रिकी आरेखनाचा जुना विषयही आहे. एनसीईआरटीने भारतीय हस्तकला परंपरांवर उच्च माध्यमिक स्तरासाठी पाठ्यपुस्तके काढली आहेत. मुंबईतल्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांत आयबी डिप्लोमाचा डिझाइन टेक्नॉलॉजी हा विषय निवडता येतो. त्याच्या आतापर्यंतच्या आराखड्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रकल्पाला ४० टक्के गुण आहेत, म्हणजे त्याच गटातल्या भौतिकशास्त्राच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या दुप्पट.

शाळेबाहेरची व्यवस्था म्हणजे प्रवेश परीक्षा. यूसीड कोणत्याही शाखेच्या बारावीच्या विद्यार्थ्याला देता येते. पेपर ३०० गुणांचा, तीन तासांचा. २०० गुण संगणकावरच्या प्रश्नांना आणि १०० गुण हाताने रेखाटायच्या भागाला. आयआयटी मुंबईत बी.डिझाइनच्या ३७ जागा आहेत, आणि यूसीडमधून प्रवेश देणाऱ्या सगळ्या संस्था मिळून अडीचशेच्या आत-बाहेर. एनआयडीच्या मुख्य परीक्षेत समोर ठेवलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष वस्तू करून दाखवावी लागते. एनआयएफटीची परीक्षा वेगळी, आणि राज्याच्या सीईटी कक्षानेही अलीकडे बी.डिझाइनसाठी स्वतंत्र परीक्षा सुरू केली आहे. या सगळ्यांची तयारी कनिष्ठ महाविद्यालयात होत नसल्याने ती खासगी क्लासकडे गेली आहे.

इतर देशांचा अनुभव

शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रॉडक्ट डिझाइन शिकवणाऱ्या व्यवस्था जगात आहेत. चर्चेत त्यांचा दाखला वारंवार येतो, म्हणून त्यांचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अकरावी-बारावीला प्रॉडक्ट डिझाइन अँड टेक्नॉलॉजीज हा पूर्ण विषय आहे. विद्यार्थी खऱ्या वापरणाऱ्याची गरज शोधतो, पर्याय रेखाटतो, नमुने करतो, वस्तू बनवतो आणि शेवटी तिची परीक्षा घेतो. वर्षभराच्या या कामाला निम्मे गुण असतात; लेखी परीक्षेचा वाटा त्याहून कमी. काम विद्यार्थ्याचेच आहे याची नोंद शिक्षकाने वेळोवेळी ठेवायची असते. निवडक कामांचे प्रदर्शन दरवर्षी मेलबर्नच्या संग्रहालयात भरते.

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला प्रॉडक्ट डिझाइन घेता येते. २०१७ पासूनच्या आराखड्यात ५० टक्के गुण लेखी आणि ५० टक्के स्वतःच्या प्रकल्पाला आहेत. या विषयामागे वैचारिक बैठकही आहे. ब्रूस आर्चर आणि नायजेल क्रॉस यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत असे मांडले, की विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीने डिझाइन ही जाणून घेण्याची तिसरी रीत आहे आणि ती सर्वांच्या सामान्य शिक्षणात असावी. पण त्याच इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेत डिझाइन अँड टेक्नॉलॉजी घेणाऱ्यांची संख्या गेल्या दीड दशकात निम्म्याहून खाली आली. २०१० नंतर शाळांचे मोजमाप ज्या मुख्य विषयांवर होऊ लागले त्यांत हा विषय नव्हता, कार्यशाळा चालवणे महाग पडू लागले आणि शिक्षक मिळेनासे झाले, ही त्याची सांगितली जाणारी कारणे. विषय अभ्यासक्रमात आणणे आणि तो टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या उदाहरणातून दिसते.

महाराष्ट्रात काय करून पाहिले गेले

आपल्याकडचे दोन अनुभव या चर्चेत जमेला धरावे लागतात. दोन्ही बारावीच्या खालचे आहेत.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा, आयबीटी या नावाने परिचित झालेला अभ्यासक्रम तयार झाला आणि राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग. मुले गावाला लागणारी कामे करतात आणि त्यांचा खर्च मांडतात. पाबळला २००२ च्या सुमारास फॅब लॅब, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांची छोटी कार्यशाळाही आली. अमेरिकेबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. पाबळचा मुख्य धडा असा, की मंडळाच्या चौकटीत राहून, ग्रामीण शाळेच्या खर्चात, हातकामाचा विषय गुणांसकट चालवता येतो.

दुसरा अनुभव मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, रितेश खुण्याकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ ते १४ वयोगटासाठी डिझाइन आणि तंत्रज्ञानाचे पाठ तयार करून ते तीन प्रकारच्या वर्गांत चालवून पाहिले : शहरी मराठी माध्यम, शहरी इंग्रजी माध्यम आणि ग्रामीण आदिवासी शाळा. कामे साधी होती, पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्यांचा खेळ. मुलांनी गटात बसून आधी बोलायचे, रेखाटायचे, साहित्य आणि मापे लिहायची, मग करायचे आणि एकमेकांची वस्तू तपासायची. संशोधकांना रस होता तो मुले रेखाटनातून विचार कसा करतात यात. इंग्रजी न येणाऱ्या, कार्यशाळा नसलेल्या वर्गातही हे काम उभे राहते, हे त्यातून पुढे आले. मात्र हा संशोधनाचा वर्ग होता. तिथे बोर्डाची परीक्षा नव्हती आणि शिकवणारे लोक खास तयारीचे होते.

केंद्राच्या पातळीवर २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच येतात. अशा दहा हजारांच्या घरात प्रयोगशाळा झाल्या आहेत, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. प्रयोगशाळा आली म्हणजे विषय आला असे नव्हे. टिंकरिंगला बारावीच्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

चार भूमिका

आजच्या चर्चेत ढोबळमानाने चार बाजू दिसतात.

पहिली बाजू स्वतंत्र विषयाची. वेळापत्रकात जे नसते त्याला आपल्या शिक्षणव्यवस्थेत अस्तित्व नसते, असे या मंडळींचे म्हणणे. विषय असेल तर शिक्षक नेमले जातील, पुस्तके होतील आणि क्लास परवडत नाही अशा मुलालाही शाळेतच तयारी मिळेल. डिझाइनला न जाणाऱ्या मुलालाही गरज ओळखणे, पर्याय तोलणे आणि चुकलेला नमुना पुन्हा करणे उपयोगी पडते, असे ते सांगतात.

दुसरी बाजू पद्धतीची. नवा विषय नको. डिझाइनची रीत विज्ञान, भूगोल, गृहविज्ञान, अगदी वाणिज्याच्या प्रकल्पांतही मुरवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विज्ञान, शैक्षणिक आणि व्यावसायिक यांतल्या भिंती पाडायच्या असे म्हटले आहे. त्यावर आधारित २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने दोन भाषांखेरीज चार विषय किमान दोन वेगवेगळ्या गटांतून निवडावेत असे सुचवले आहे. भौतिकशास्त्रासोबत कला किंवा व्यवसाय शिक्षण घेता आले, तर वेगळ्या विषयाचे ओझे कशाला, असा या बाजूचा सवाल. यावरचा आक्षेप असा, की सर्वांनी मिळून शिकवायचे ते शेवटी कोणीच शिकवत नाही; कार्यानुभव आणि पर्यावरण शिक्षणाचा अनुभव ताजा आहे.

तिसरी बाजू थांबा म्हणणारी. बारावीच्या वयात गणित, विज्ञान आणि भाषा पक्की व्हावी. डिझाइन महाविद्यालयात पहिल्या वर्षी पायाभूत अभ्यासक्रम असतोच आणि तो शून्यापासून सुरू होतो. प्रवेश परीक्षाही मुद्दाम कोणत्याही शाखेला खुली ठेवलेली आहे. बारावीला विषय सुरू केला तर ज्यांच्या शाळेत चांगली कार्यशाळा आहे त्यांनाच आणखी आघाडी मिळेल आणि आजची समान सुरुवात बिघडेल, ही त्यांची भीती. सतराव्या वर्षी मुलाला फार लवकर एका चाकोरीत घालू नये, असेही ते म्हणतात. यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे, की सुरुवात आजही समान नाही. जी आघाडी उद्या शाळा देईल ती आज क्लास देतात.

चौथी बाजू हातकामाची. वर्धा आणि पाबळ यांचा वारसा सांगणाऱ्यांना डिझाइन थिंकिंगच्या रंगीत चिठ्ठ्यांविषयी शंका आहे. वस्तू करता करता जे कळते ते फळ्यावर कळत नाही. म्हणून आधी लाकूड, पत्रा, बांबू, कापड हाताळू द्या आणि रचनेचे शास्त्र त्यातून येऊ द्या, असा त्यांचा आग्रह. त्यांना मिळणारे उत्तर सामाजिक आहे. अभ्यासात कच्चा म्हणून टेक्निकलला घातला, हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येते. हातकामाचा विषय गरीब आणि मागास समाजातल्या मुलांच्या वाट्याला आणि डिझाइनचा विषय इंग्रजी माध्यमाच्या वाट्याला, अशी वाटणी होण्याची भीती दलित-बहुजन चळवळीतल्या अभ्यासकांनी नई तालीमच्या संदर्भातही मांडली आहे. ही शंका चौथ्या बाजूला गंभीरपणे घ्यावी लागते.

चारही बाजूंत एका मुद्द्यावर मतैक्य आहे. प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे सुबक चित्र काढणे नव्हे, आणि वस्तू प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय ते शिकवता येत नाही.

मनवेलपाड्याच्या बाजूने पाहिले तर

धोरणाच्या पातळीवरचा हा वाद एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवला की वेगळा दिसू लागतो. मनवेलपाडा हा विरार पूर्वेचा दाट वस्तीचा भाग. मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेली कुटुंबे, छोट्या इमारती, चाळी, तलाव, आणि सकाळी स्टेशनकडे धावणारी माणसे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा. बारावीच्या परीक्षेसाठी हा सगळा भाग मुंबई विभागीय मंडळात येतो. वसई-विरार पट्ट्यात कनिष्ठ महाविद्यालये आहेत, विरारला उपयोजित कला शिकवणारी संस्थाही आहे. पण बी.डिझाइनसाठी पवईच्या आयआयटीकडे किंवा खारघरच्या एनआयएफटीकडे पाहावे लागते आणि दोन्हीकडे लोकलने थेट पोहोचता येत नाही.

वस्तू कशी बनते हे पाहण्यासाठी मात्र फार लांब जायला नको. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या भागांत लहान कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात साच्याचे दोन भाग दाबाने मिटतात, वितळलेले प्लास्टिक आत जाते, थंड होते, साचा उघडतो आणि पिनांनी ढकललेला डबा बाहेर पडतो. कडेला राहिलेला पातळ पापुद्रा कामगार पात्याने कापून टाकतो. डब्याच्या भिंती अगदी उभ्या नसून किंचित कलत्या का असतात, याचे कारण त्या कामगाराला पक्के ठाऊक असते : उभ्या ठेवल्या तर माल साच्यातून सुटत नाही. डिझाइनच्या पदवीत हाच धडा पडद्यावर चित्र दाखवून शिकवतात. उत्तरेला चिंचणी-वरोरच्या किनारपट्टीत दागिन्यांचे साचे करणाऱ्या डायमेकिंगचा घरोघरी चालणारा धंदा आहे. जव्हार-विक्रमगडकडे बांबूकाम आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली वारली चित्रकला तर जिल्ह्याची ओळखच आहे.

व्हिक्टोरियातल्यासारखे वर्षभराचे काम इथल्या मुलीला दिले तर ते कसे दिसेल, याचा अंदाज बांधता येतो. विषय विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या बाईचा : पर्स, डबा, ओली छत्री आणि दांडीला धरलेला एक हात. पहिला महिना डब्यात उभे राहून निरीक्षण, आठ-दहा जणींशी बोलणे, पिशवीचे वजन आणि पट्ट्याची लांबी मोजणे. मग रेखाटने, त्यातली तीन-चार बाद. पुठ्ठा आणि जुन्या रेक्झिनचा नमुना; छत्रीचे पाणी जेवणाच्या डब्यात उतरते हे तिसऱ्या दिवशी लक्षात येते. पुन्हा शिवण, पुन्हा चाचणी, आणि शेवटी खर्चाचा हिशेब. लागणारे साहित्य शिलाई मशीन, कटर, फूटपट्टी आणि गोंद एवढेच. थ्रीडी प्रिंटर नसला तरी चालते. मात्र लागतो तो वेळ, आणि चुकलेल्या नमुन्यालाही गुण देणारा परीक्षक.

या उदाहरणातून चारही भूमिकांना काहीतरी मिळते. पण गाळा जवळ असणे म्हणजे तो शाळेला जोडलेला असणे नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीला यंत्राजवळ जाऊ देण्यात सुरक्षिततेचा आणि जबाबदारीचा प्रश्न आहे. आणि डायमेकर किंवा बांबू कारागिराला वर्गात बोलवायचे तर त्याला पाहुणा मानायचे की शिक्षक, मानधन कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, हे आजच्या नियमांत स्पष्ट नाही.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत मोठी गाठ मूल्यमापनाची. राज्यात दरवर्षी सुमारे १४ ते १५ लाख मुले बारावीला बसतात. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी हा विषय घेतला तरी हजारो प्रकल्प तपासावे लागतील. विज्ञानाच्या प्रत्येक विषयात आज ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिकाचे काय होते हे शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून जर्नल उतरते, वाचने ठरावीक येतात, बाहेरून आलेले परीक्षक दुपारपर्यंत दोन तुकड्या उरकतात आणि जवळपास सगळ्यांना भरघोस गुण पडतात. प्रॉडक्ट डिझाइनचा प्रकल्प याच साच्यात टाकला तर वर्षभरात बाजारात तयार पोर्टफोलिओ विकत मिळू लागतील. संगणकाने क्षणात चकचकीत चित्रे काढून देण्याच्या काळात ही शक्यता आणखी वाढली आहे. उलट सगळे गुण तीन तासांच्या लेखी पेपरला दिले, तर मुले डिझाइन प्रक्रियेच्या पायऱ्या पाठ करतील आणि वस्तू एकही होणार नाही. व्हिक्टोरिया आणि इंग्लंड यांनी शिक्षकाच्या सततच्या नोंदी आणि मंडळाची फेरतपासणी यांवर भिस्त ठेवली आहे. त्यासाठी शाळेने दिलेल्या गुणांवर विश्वास लागतो, आणि आपल्याकडे अंतर्गत गुणांविषयी तो विश्वास कमी आहे. एनआयडीसारखी, वर्गात बसवून साहित्य देऊन घेतलेली कृती-परीक्षा हा मधला मार्ग काही जण सुचवतात. लाखांच्या संख्येसाठी तो अजून कोणी आजमावलेला नाही.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. हा विषय कोणाचा? कला शिक्षकाला यंत्र आणि पदार्थ नवे, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला रेखाटन नवे, आयटीआयच्या निदेशकाला वापरणाऱ्याचा अभ्यास नवा. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला, शंभराहून अधिक पट असल्यास, कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक ठेवले आहेत. त्याच्या वर, अकरावी-बारावीला, अशा पदाची परंपराच नाही. डिझाइनचे पदवीधर शाळेत शिकवायला येतील का आणि बी.एड.च्या अटीत ते बसतील का, याचे उत्तर नाही.

तिसरा भाषेचा. यूसीडचा पेपर इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना चित्रात आणि कृतीत अडत नाही, प्रश्न समजण्यात अडते. प्रॉडक्ट डिझाइनचे मराठी पाठ्यपुस्तक आज नाही. गाळ्यात आणि सुताराच्या नाक्यावर मात्र साचा, सांधा, खाच, गाळणे, घासणे, फिनिशिंग अशी कामाची भाषा तयार आहे. तिचा पाठ्यपुस्तकात उपयोग करून घ्यायचा की इंग्रजी संज्ञाच ठेवायच्या, यावर अजून चर्चाही सुरू झालेली नाही.

चौथा पुराव्याचा. शाळेत डिझाइन शिकलेला विद्यार्थी पुढे महाविद्यालयात किंवा कामात अधिक चांगला ठरतो का, याचा भारतीय अभ्यास जवळपास नाही. जे आहे ते लहान वयाच्या, लहान गटांच्या संशोधनातून आलेले. परदेशातले दाखले लहान वर्ग आणि सुसज्ज कार्यशाळांचे आहेत. त्यावरून ६०-८० मुलांच्या तुकडीविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. पाचवा प्रश्न प्रवेशाच्या गणिताचा : कोणतीही नामवंत संस्था आज शाळेतल्या डिझाइन विषयाला वजन देत नाही. ती देत नाही तोवर पालक हा विषय निवडू देतील का, आणि मुले निवडत नाहीत तोवर संस्था वजन का देतील, असे हे चक्र आहे.

पुढे काय पाहायचे

राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या टप्प्यांनुसार नवे धोरण अकरावीला २०२७-२८ मध्ये आणि बारावीला २०२८-२९ मध्ये पोहोचायचे आहे. विषयगटांची फेरमांडणी तेव्हाच होईल. प्रॉडक्ट डिझाइनला जागा द्यायची तर ती स्वतंत्र विषय म्हणून, द्विलक्षीसारख्या व्यवसाय विषयाचा नवा प्रकार म्हणून, की कला शिक्षणाचा एक भाग म्हणून, हे ठरवायची वेळ तीच आहे. द्विलक्षीची चौकट आधीपासून आहे, तिला पदे आहेत, विज्ञान शाखेत तिची प्रतिष्ठा आहे. पाबळचा अभ्यासक्रम दहावीपर्यंत आहे आणि रेखाकला परीक्षांचे जाळे राज्यभर आहे. अगदी शून्यातून सुरुवात करायची नाही, एवढे नक्की. जिल्ह्यातल्या मोजक्या कनिष्ठ महाविद्यालयांत दोन-तीन वर्षे चालवून, तिथले गुण आणि कामे दोन्ही उघड ठेवून, मग विस्तार करावा, या क्रमाला चारपैकी कोणत्याही बाजूचा तत्त्वतः विरोध दिसत नाही.

आतापर्यंतचा वाद मुख्यतः हा विषय असावा की नसावा यावर झाला आहे. आढाव्यातून दिसते ते असे, की असावा म्हणणारे आणि नसावा म्हणणारे दोघेही शेवटी मूल्यमापनापाशीच येऊन थांबतात. वर्धा ते कार्यानुभव हा प्रवासही तिथेच अडला होता. म्हणून नवा आराखडा हाती येईल तेव्हा विषयाचे नाव आणि धड्यांची यादी नंतर वाचली तरी चालेल. बाद झालेल्या नमुन्याला किती गुण, ते कोण देणार आणि कोण तपासणार, हे पान आधी उघडायला हवे.